बेचिराग गावाचा टँकर

उस्मानाबाद
१२ मार्च १९८७

चि. अयोध्या,

जयभीम. मी बरा आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. बरा नाही. डोकं उठलंय, आणि ते तुमच्या त्या मशीननं उठवलंय.

तुला ठाऊक आहे, तालुक्याच्या कचेरीत टँकरचं टेबल कितीतरी उन्हाळे माझ्याकडंच आहे. कुठली विहीर कधी तळ दाखवते हे मला कुणाला विचारावं लागत नाही. होळी झाली की मी यादी काढायचो, साहेब सही करायचे, टँकर निघायचे. आता यादी आम्ही काढत नाही. आम्ही फक्त पत्रकं भरायची, ती औरंगाबादला तुमच्या संगणक केंद्रात जायची, आणि तिथून भोकाभोकाच्या लांबलचक कागदावर यादी छापून यायची. यानं म्हणे कर्मचाऱ्याची कार्यक्षमता वाढते. माझी एवढी वाढली आहे की आता दिवसभर मी काय काम केलं याचा तक्ता भरण्यात माझा अर्धा दिवस जातो.

सोमवारी पहिली यादी आली. गुडघ्यावर पसरून बोट फिरवत गेलो. आडसुळी गाव आहे, पण त्याच्या पुढं 'विहीर आहे, टँकर नको'. ठीक आहे, गावाच्या विहिरीला पाणी आहे. पण आपली वस्ती कुठं आहे? भीमनगरचे चाळीस उंबरे, तुझी माय तिथं एकटी, बाहत्तरच्या दुष्काळापासून वस्तीच्या आडात दर उन्हाळ्याला टँकर सुटतो. त्या कागदावर वस्तीचं नावच नाही. मंगळवारी टँकर निघाले, वस्तीला एकही नाही.

आणि कोण आहे यादीत? मौजे घोगरी. रोज एक खेप. अगं, घोगरी बेचिराग गाव आहे. निजामाच्या दप्तरापासून तसंच लागलंय. बेचिराग म्हणजे जिथं सांजेला दिवा लावायला माणूस शिल्लक नाही. कुठल्याशा प्लेगात लोक उठून गेले ते गेले. मागं पडका मारुती आणि बाभळी राहिल्या. त्या बाभळींना सरकार रोज टँकर पाठवतंय. ड्रायव्हर महांतप्पा, जळकोटचा, भला माणूस. तो भरलेली गाडी घेऊन तुझ्या मायच्या, आमच्या अक्काच्या दारावरून पुढं जातो, अर्ध्या कोसावर घोगरीत पाणी मातीत सोडतो आणि रिकामा परत येतो. का, तर गाडी रिकामी झाल्याशिवाय पुढची खेप मिळत नाही. बायका आडव्या झाल्या तर हात जोडतो आणि म्हणतो, "मावशी, कागदावर घोगरी हाय."

तू त्या मशीनवरच बसतेस. एक बटण दाबायचं, घोगरी काढायची, भीमनगर घालायचं. दोन मिनिटांचं काम आहे. तुझ्या मायसाठी एवढं कर.

तुझा मामा,
बलभीम


औरंगाबाद
१९ मार्च १९८७

ती. मामा,

सप्रेम जयभीम. तुमचं पत्र वाचून हसू का रडू कळेना. बटण म्हणे.

आमच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागतं. मशीनला धूळ चालत नाही, गरमी चालत नाही. बाहेर डांबर वितळतंय आणि आत आम्ही बारा मुली स्वेटर घालून बसतो. तुमच्याकडून पत्रकं येतात, त्यांत जे लिहिलंय ते आम्ही मशीनमध्ये टिपतो. तासाला आठ हजार कळा दाबायच्या. किती दाबल्या ते मशीन आपलं आपण मोजतं. पाणी प्यायला उठलं तरी त्याला कळतं. काल टिपलेलं आज दुरुस्त केलं की मोजणीतून कापतात. मी अजून तात्पुरतीच आहे. मे अखेरीला कायम करायच्या मुलींची यादी लागेल, आणि ती यादी कुणाच्या तोंडाकडं बघून लागत नाही, मोजणी बघून लागते.

तरी मी आमच्या कल्याणप्पा साहेबांना विचारलं. ते म्हणाले, मशीनमध्ये महसुली गावांचे नंबर आहेत. घोगरीला नंबर आहे. वस्तीला नाही. नंबर नाही तर मशीनच्या लेखी ती नाही. मी म्हटलं, साहेब, माझी आई राहते तिथं. ते म्हणाले, आईला गावाच्या नंबरात धरलेलं असणार.

आता माझा एक प्रश्न. घोगरीची ओळ पत्रकात भरली कुणी? मी पत्रक काढून बघितलं. लोकसंख्या कोरी, पाण्याचं साधन 'नाही'. मशीनला असं शिकवलंय की साधन नसेल तर टँकर द्यायचा, आणि लोकसंख्या कळत नसेल तर कमीत कमी एक खेप द्यायची. म्हणून बाभळींना पाणी. आणि मामा, गावाच्या नंबरातला नऊ हा आकडा शेपटी अशी वळवून काढणारा माणूस मला अख्ख्या जिल्ह्यात एकच ठाऊक आहे. तो मला लहानपणी पाढे शिकवायचा.

मायला काय सांगू ते कळवा. ती गावच्या विहिरीवर जात असेल तर मला ते आवडणार नाही. तिलाही आवडत नसणार.

तुमची,
अयोध्या


उस्मानाबाद
२८ मार्च १९८७

चि. अयोध्या,

जयभीम. नऊ माझाच आहे. त्यात लपवायचं काय?

पत्रकं आली तेव्हा सोबत हुकूम होता. एकही ओळ कोरी ठेवायची नाही. ज्या कारकुनाची ओळ कोरी, त्याचं काम अपुरं. इतकी वर्षं घोगरी आली की मी पुढच्या गावाला जायचो, कारण मला अक्कल होती. यंदा साहेब शेजारी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "घोगरी का सोडली? साधन आहे की नाही, एवढं लिहा." मी म्हटलं, तिथं माणूसच नाही. ते म्हणाले, "माणसाचा रकाना वेगळा आहे." मग लिहिलं, साधन नाही, आणि माणसाचा रकाना तसाच सोडला. त्यात खोटं काय आहे? घोगरीला साधन नाहीच. घोगरीला घोगरीच नाही.

तुला पहिलं पत्र टाकलं त्याच दिवशी मी वर घोगरी कमी करा म्हणून लिहिलं. उत्तर आलं, महसुली गाव कमी करायचं तर शासनाचं राजपत्र लागतं. मग लिहिलं, भीमनगर वाढवा. उत्तर आलं, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. म्हणून रविवारी आडसुळीला जाऊन सरपंच आबारावांच्या ओसरीवर बसलो. चहा दिला, वेगळ्या कपात का होईना, दिला. मग म्हणाले, "बलभीमराव, वस्तीचं वेगळं नाव कशाला? आपण सगळे एकच न्हाय का? गावची विहीर हाय की, आमी कुणाला नको म्हनलंय?"

नको कुणीच म्हणत नाही, ते खरं आहे. तुझी माय सकाळी घागर घेऊन जाते आणि विहिरीच्या खालच्या अंगाला बसते. गावातल्या बायकांचं भरून होतं. मग कुणाला सवड झाली, मनात आलं, तर ती वरून पोहरा ओतते आणि अक्का खाली घागर धरते. परवा दोन तास बसली आणि अर्धी घागर घेऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, "बसायला सावली व्हती." तुझ्या मायचं बोलणं तुला ठाऊकच आहे.

कचेरीतलं तर सांगूच नको. महिन्याच्या कार्यक्षमतेच्या तक्त्यात माझं नाव तळाला आहे. घोगरीबद्दल मी पत्रं लिहून लिहून दौत कोरडी केली, पण विषय एकच असल्यानं ते सगळं मिळून एकच काम धरलंय, आणि तेही निकाली निघालेलं नाही. शेजारच्या टेबलावर तात्याराव फटाक्यांच्या परवान्याचे अर्ज नुसते नाकारतो. रोज वीस अर्ज निकाली. तो पहिला आलाय. त्याला शाल दिली, एवढ्या उन्हात.

तू मात्र तिथं काही उलटसुलट करू नको. तुझी नोकरी कायम होऊ दे. मी बघतो काय करायचं ते.

मामा


मु. घोगरी
१९ एप्रिल

माजी लेक अयोध्या हिला तिची माय पुतळाबाई जयभीम सांगती. लिवनार टपालवाला व्यंकट.

पोरी, तू चिंता करू नगं. पान्याचं जमलंय. कसं जमलं ते आयक, पन बलभीमला सांगू नगं. त्यो कायदा काढंल, कागद काढंल, आन हुतंय ते बी ऱ्हाईल.

म्या त्या हिरीखाली लई बसले. एक दिस गावातल्या शांतलिंगची सून पानी वतताना मनली, "आत्या, तुमी रोज येताव, आमाला बी कामं हाईत." म्या घागर उचलली आन उटले. वाटनं महांतप्पाची गाडी भरून चालली व्हती. म्या हात केला, त्यो थांबला. त्येचं त्येच, कागदावर घोगरी हाय. म्या मनलं, बाबा, घोगरीत जाऊन कुनाला पानी देतूस? मनला, कुनाला न्हाय. पानी मिळालं मनून पोचीवर सही कोन करतंय? मनला, कदी मेंढरावाला घावतो, कदी माजी मीच करतो, आन रातच्याला झोप लागत न्हाय.

म्या वस्तीवर आले आन बायास्नी मनलं, कागद घोगरीचा हाय तर आपुन घोगरीला जाऊ. त्यात काय अवघड हाय?

दुसऱ्या दिशी समद्या बाया गेलो. महांतप्पा लई खूश. मारुतीम्होरं जुना दगडी हौद हाय, माती काडली, त्यात पानी सोडलं. मनला, मावशी, सही करा. म्या प्रौढ शिक्षनात शिकलेली सही केली. गाव काय लिवू मनलं. मनला, घोगरीच लिवा, मला बी बरं पडंल.

पन रोज घागरी डोक्यावर घिऊन अर्दा कोस जायचं न यायचं, उनात जीव जातूया. मग कस्तुराबाईनं पयलं मनलं, की पानी हितं आन आपुन तितं कशाला? तिनं बाभळीच्या फांद्यांचं छप्पर घातलं. मग म्या घातलं. आता निम्म्याच्या वर वस्ती हितं हाय. सकाळी सडकंच्या कामाला खडी फोडाया जातो, सांजंला हितंच येतो. शेरडं बी हितंच हाईत. हौद आपल्या हातानं भरतो, आपल्या हातानं घेतो.

तू तब्येतीला जप. त्या गार खोलीत सर्दी हुईल, कानाला बांदत जा.

(ताई, मी व्यंकट. पत्ता 'मु. घोगरी' मीच टाकला. या गावाला आलेलं टपाल आजवर मी पाहिलं नव्हतं. उत्तर घोगरीच्या पत्त्यावर टाका, कसं येतंय ते बघू.)


उस्मानाबाद
९ मे १९८७

चि. अयोध्या,

जयभीम. तुझं महिनाभर पत्र नाही. मायकडं म्हणे तीन आली, व्यंकट बस स्टँडवर भेटला तेव्हा बोलून गेला आणि लगेच जीभ चावली. मला का नाही लिहिलंस ते कळलं नाही. असो.

अक्काची पाण्याची कुरकुर थांबली आहे. परवा बेंबळीच्या बाजारात भेटली. म्हणाली, पाण्याचं बरं चाललंय. बघ, आबारावला मी सुनावून आलो त्याचा हा परिणाम. माणूस वरून गोड असला तरी सरकारी माणसाला वचकतो. मी बोललो नसतो तर तुझी माय अजून विहिरीखालीच बसली असती.

आता एक चांगली बातमी. घोगरीचं भूत मी उतरवतोय. तुमच्याच मशीननं या खेपेला घोगरीपुढं चांदणी छापून पाठवली: 'लोकसंख्या नाही, पाणी पूर्ण वापरलं जातंय, पोच सह्यांनिशी.' साहेबांना घाम फुटला. पोचपावत्या दुसऱ्या टेबलावर असतात, मी पाहिल्या नाहीत, पण बायकांच्या सह्या आहेत म्हणतात. मला सरळ दिसतंय. महांतप्पा पाणी कुणाच्या तरी मळ्यात विकतोय आणि खोट्या सह्या करतोय. भला माणूस म्हणत होतो मी त्याला.

सोमवारी, १८ तारखेला, मी स्वतः पंचनाम्याला जातोय. जीप दुपारी बाराला मिळेल. पंचांसमक्ष लिहिणार: सदर ठिकाणी मनुष्यवस्ती नाही. त्या कागदावर घोगरीचा टँकर कायमचा बंद होईल, महांतप्पाचा लायसन जाईल, आणि माझं घोगरीचं एकुलतं एक काम एकदाचं निकाली निघेल. तक्त्यात वर येईन. शाल नको, पण त्या तात्यारावाच्या खाली तरी नको.

मामा


औरंगाबाद
१३ मे १९८७
(एक्सप्रेस डिलिव्हरी)

ती. मामा,

हे पत्र सोमवारच्या आत मिळालंच पाहिजे. उभ्यानं वाचू नका, बसा.

घोगरीत माय राहते.

एकटी नाही, सगळी वस्ती राहते. महांतप्पा काही विकत नाही. सह्या खऱ्या आहेत, पहिली सही तुमच्या अक्काची आहे. आबारावनं काही केलेलं नाही आणि तुमच्या सुनावण्यानंही काही झालेलं नाही. कागद घोगरीचा आहे म्हणून त्या बायका उठून कागदावर राहायला गेल्या. मला एप्रिलपासून माहीत होतं. मायनं तुम्हाला सांगू नको म्हटलं आणि मी ऐकलं, कारण तुम्ही कायदा काढाल अशी तिला भीती होती. आता तुम्ही बाराची जीप काढून नेमका तोच काढायला निघाला आहात. मला तुमचा राग आलाय, तिचा आलाय, आणि सगळ्यांत जास्त माझाच आलाय. तुम्ही दोघं पाठचे भाऊबहीण, बसनं पाऊण तासाच्या अंतरावर, आणि एकमेकांना धड सांगत नाही. मी दीडशे मैलांवरून दोघांची टपालं सांभाळते.

आता मी सांगते तेवढं करा. बाराला गेलात तर तुम्हाला एकही माणूस दिसणार नाही, सगळे खडी फोडायला गेलेले असतील. तुम्ही प्रामाणिकपणे 'मनुष्यवस्ती नाही' असं लिहाल आणि त्या प्रामाणिकपणानं चाळीस घरांचं पाणी तोडाल. पहाटे जा. जीप मिळाली नाही तर सायकलनं जा. खोटं एक अक्षर लिहू नका. चुलीपाशी कोण बसलंय, कोण दात घासतंय, ते बघा, मोजा आणि लिहा.

आणि हे नीट ऐका. मशीनमधून गाव काढता येत नाही, गाव घालता येत नाही, टिपलेलं बदलायचं तर सतरा सह्या लागतात. पण कोरा रकाना भरणं ही दुरुस्ती नसते. ते साधं टिपणं असतं, रोजच्यासारखं. घोगरीची लोकसंख्या कोरी आहे. तुम्ही पत्रकात आकडा लिहून पाठवा. आमच्याकडं आलं की कुणाची परवानगी लागत नाही.

नऊ नीट काढा, एवढंच.

अयोध्या


उस्मानाबाद
२० मे १९८७

चि. अयोध्या,

जयभीम. तुझं पत्र शनिवारी मिळालं. बसून वाचलं. वाचून झाल्यावरही बराच वेळ बसूनच होतो. तुझी मामी म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, मला घरात कुणी काही सांगत नाही. ती म्हणाली, सांगितलं तर तुम्ही त्याला आवक नंबर टाकता.

जीप पहाटे मिळत नाही. तात्यारावाला मस्का मारला, त्याच्या मोटारसायकलवर गेलो. फटाक्यांच्या परवान्याचा माणूस पंच म्हणून चालतो का हे मी नियमात पाहिलं, चालतो. दुसरा पंच व्यंकट. दिवस उगवायच्या टायमाला पोहोचलो.

अयोध्या, मी बेचिराग गाव म्हणून त्याचं नाव हजार वेळा लिहिलं असेल. पाहिलं पहिल्यांदा. बाभळीत धूर होता. दोन ओळींत छप्परं, मधे झाडून काढलेली वाट. कुणीतरी वस्तीवरचं आपलं दारच चौकटीसकट उचलून आणलं होतं, भिंत नाही पण दार आहे. हौदावर झाकण घातलेलं. निळा झेंडा लावलेला. तुझी माय चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "आलास व्हय? कागद आनलास का?" मी म्हटलं, आणलाय. म्हणाली, "मग आदी भाकर खा, मग लिव."

मी लई रागावून बोललो. म्हटलं, मी सख्खा भाऊ, याच टेबलावर बसतो, मला सांगायचं नाही? ती म्हणाली, "तुला सांगून महिना गेला व्हता. मंग तुझ्या टेबलाला कशाला तरास." मी भाकर खाल्ली आणि पत्रक काढलं.

मोजायला बसलो तर आबाराव आले, चालत आले, माणूस बरोबर. वस्ती उठली तर सकाळी त्यांच्या रानात कामाला कोण येणार हा त्यांचा सवाल होता, पण बोलले वेगळंच. म्हणाले, "बलभीमराव, हे अतिक्रमण हाय." मी म्हटलं, "आबाराव, हे घोगरीचं गावठाण आहे. गावठाण गावकऱ्यांसाठी असतं. हे घोगरीचे गावकरी आहेत, सरकारच्या पोचपावतीवर तसं लिहिलंय." ते म्हणाले, "आवो, पर आपण सगळे एकच न्हाय का?" अक्का तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "एकच हाव की. पानी प्याया या कदी."

मी प्रत्येक छपरापुढं उभा राहून मोजलं. तान्ही पोरंसुद्धा. शेरा या रकान्यात आजवर 'बेचिराग' लिहायचो, तो शब्द यंदा लिहिला नाही. साहेबांपुढं पत्रक ठेवलं तेव्हा वाटलं, आता चौकशी लावतील. त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा, एकही कोरा नाही." आणि सही केली. या माणसाखाली मी काय काम करतो ते तूच बघ.

पत्रक आजच्या टपालानं निघालं.

मामा


औरंगाबाद
३० मे १९८७

ती. मामा,

सप्रेम जयभीम. पत्रकांचा गठ्ठा मंगळवारी आला. तो दुसऱ्या मुलीच्या वाट्याला होता. मी तिच्याकडून मागून घेतला, तिला माझा सोपा गठ्ठा दिला. घोगरीच्या ओळीवर आले. एरवी मी कागदाकडं बघते आणि बोटं आपली चालतात. त्या दिवशी हात थांबले. माझी माय, कस्तुराबाई, मी जिच्या कडेवर वाढले ती सरुबाई, सगळ्या मिळून तीन आकडे. तुमचा शेपटीचा नऊ त्यात होता. टिपले. मशीननं काहीही विचारलं नाही.

त्या ओळीवर मी किती वेळ थांबले हे मात्र त्यानं मोजलं. कायम करायच्यांची यादी काल लागली. त्यात मी नाही. थोडक्यात गेलं. आणखी सहा महिने तात्पुरती. कल्याणप्पा साहेब म्हणाले, मंगळवारी तुमचा वेग का पडला? मी म्हटलं, घरची आठवण आली. ते म्हणाले, घरची आठवण सुट्टीत काढावी.

चिडू नका. मीच पुरेशी चिडले आहे. खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून रडले, मग मैत्रिणीनं चहा केला. मायला सांगू नका, नाहीतर ती व्यंकटकडून कल्याणप्पा साहेबांना पत्र घालेल.

नवी यादी तुमच्याकडं येईल. घोगरीला दोन खेपा लागल्या आहेत.

तुमची,
अयोध्या


उस्मानाबाद
८ जून १९८७

चि. अयोध्या,

जयभीम. तुझ्या पत्रानं दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या कल्याणप्पाला मी पत्र लिहिलं होतं, चार पानी, कडक. मग फाडलं. ते पोचलं असतं तर तुझे सहा महिन्यांचे बारा झाले असते. तू शहाणी आहेस, तुझं तू बघशील. पण अन्याय झाला, हे मामानं लिहून ठेवलंय असं समज.

आता इकडचं. आडसुळीच्या विहिरीनं गेल्या आठवड्यात तळ दाखवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आबाराव धोतर सावरत कचेरीत आले, माझ्या टेबलापुढं उभे राहिले. म्हणाले, टँकर पाहिजे. मी यादी पसरली, बोट ठेवलं. आडसुळी: विहीर आहे, टँकर नको. म्हटलं, आबाराव, टिपलेलं बदलायचं तर सतरा सह्या लागतात. ठराव जोडा. खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटलं. ते तसेच माघारी गेले. मग मला तितकं बरं वाटेना. मी दुरुस्तीचा कागद त्यांच्याकरता करून ठेवलाय, स्वतःच्या हातानं. जाईल तेव्हा जाईल.

पण पाणी कागदाकरता थांबत नाही. काल रविवार, मी घोगरीला गेलो होतो. महांतप्पाची दुसरी खेप नुकतीच हौदात पडली होती. आडसुळीच्या वाटेनं बायका आल्या, दहा-बारा असतील, डोक्यावर घागरी. पुढं शांतलिंगची सून. हौदापासून दहा पावलांवर थांबल्या आणि खाली बसल्या. सांगितलं कुणी नव्हतं, आपल्या आपण बसल्या. त्यांना वाटलं असेल, आता आपली पाळी खाली बसायची. वस्तीतल्या पोरी एकमेकींकडं बघून हसू दाबत होत्या. कस्तुराबाई तर कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. मी पण बघत राहिलो, काय होतंय ते. मला वाटतं माझ्याही मनात तेच होतं, बसू दे जरा.

तुझी माय छपरातून बाहेर आली. हातातलं पीठ पदराला पुसलं. हौदाचं झाकण काढलं, पोहरा उचलला आणि त्या सुनेच्या हातात दिला. म्हणाली, "ऊठ बाई. घोगरीत कुनी वरून वतत न्हाय. आपापल्या हातानं घ्या."

ती उठली. तिनं पोहरा बुडवला आणि आपली घागर भरून घेतली. मग दुसरी उठली.

परत येताना मी महांतप्पाच्याच गाडीतून आलो. रिकामी होती.

मामा